कानाताचा दगड कुठं ठेवायचा?

बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून बायका आमच्या देवळात येतात, आणि देवळाच्या कमिटीवर सातच्या सात पुरुष! कळा कशा येतात हे एकालाही ठाऊक नाही. पण कोण शुभ नि कोण अशुभ, हे मात्र त्यांना बरोबर कळतं.

मी देवळाच्या ताईत विकायच्या खिडकीत बसते. बाहेर कापराच्या झाडाखाली इसोए आजी, दगडांच्या ढिगापाशी. रीत अशी, की पाचव्या महिन्यात जपानी पंचांगातल्या कुत्र्याच्या दिवशी यायचं, कारण कुत्री बाळंतपणात कधी अडत नाही. पोटाला पट्टा बांधून घ्यायचा आणि ढिगातला एक दगड घरी न्यायचा. त्यावर कुणाच्या तरी बाळाचं नाव आणि जन्मतारीख असते. बाळंत झालं की तो परत आणायचा, आणि सोबत आपल्या बाळाच्या नावाचा नवा.

इसोए आजी या दगडांवरचं शेवाळं घासते, पुसट अक्षरं शाईनं गिरवते. पगार शून्य. वय एक्याऐंशी. नवरा खेकडे धरायला समुद्रात जायचा, तो जाऊनही वीस वर्षं झाली. जीभ म्हणाल तर वस्तरा! पुजाऱ्यालासुद्धा म्हणते, "पाय पूस आधी, मग देवाशी बोल."

तर परवा मिनाहो आली. तोफूवाल्याची धाकटी सून. आठव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. सुतकाचे पन्नास दिवस देवळाच्या कमानीखालून यायची बंदी, म्हणून बिचारी एकावन्नाव्या दिवशी सकाळीच हजर. फडक्यात दोन दगड. एक इथून नेलेला. दुसऱ्यावर लिहिलेलं, 'कानाता'.

कमिटीचे अध्यक्ष कुवाहाता नेमके तिथंच उभे. दगड बघून त्यांचा चेहरा पडला.

"हे बघ पोरी, नेलेला दगड आम्ही नदीत सोडू. पण हा दुसरा... हा इथं नको गं. उद्या कुणी गरोदर बाईनं उचलला तर?"

हे सगळं कमरेत वाकून, अगदी मऊ आवाजात. त्या वाकण्याचाच मला जास्त संताप आला. अरे, शिव्या दिल्या असत्यास तर उलट भांडता तरी आलं असतं!

मिनाहो म्हणाली, "काका, सरकारी नोंदीत त्याचं नाव लागत नाही. जिवंत जन्मला नाही म्हणे. मग मी ते लिहू तरी कुठं?"

"तुझं दुःख कळतं गं. पण देवळाचं नाव—"

आजीनं बादली आपटली. पाणी कुवाहातांच्या बुटांवर.

"इकडे ये." तिनं ढिगात हात घातला, न चाचपडता एक दगड काढला नि त्यांच्या हातात कोंबला. "वाच."

"सायो. मार्चातली तारीख... एकावन्न वर्षं झाली. मग?"

"माझी लेक. एकदासुद्धा रडली नाही. तेव्हा तुझा बाप अध्यक्ष होता. तोही असाच वाकून म्हणाला, नदीत टाक. तो वळला नि मी दगड ढिगात सारला. तेव्हापासून बायका नेतायत, नि बाळं काखेत घेऊन परत आणून देतायत. पहिली कोण ठाऊक आहे? तुझी आई! सायोला उशाशी ठेवूनच तिनं तुला जन्म दिला. चार किलोचं धूड, टाहो फोडत आलास! आता सांग, कानाताचा दगड कुठं ठेवायचा?"

कुवाहातांनी दगडावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मला... मला कुणी कधी सांगितलं नाही."

"विचारलंस कधी?"

त्यांनी सायोचा दगड दोन्ही हातांनी खाली ठेवला आणि ते बाजूला सरले. मिनाहोनं त्याला लागूनच कानाताचा ठेवला.

कमिटीचा राग आहेच, तो जायचा नाही. पण खरी चीड आली ती माझी मला. बावीस वर्षं, थंडीत आजीची बोटं फुटलेली दिसली, की खिडकीतून मी शहाणपणा करायची, "आजी, जा की घरी, शेवाळंच तर आहे!" आणि ती माउली तिथं बसून आपल्या लेकीचं नाव पुसलं जाऊ देत नव्हती.