अण्णासाहेबांचं अ‍ॅडजस्ट

धावड्याचे अण्णासाहेब भोकरदनला एका कचेरीत कारकून होते. साहेबाच्या तोंडून त्यांनी एकच इंग्रजी क्रियापद उचललं, 'अ‍ॅडजस्ट', आणि त्यावर उभा संसार रेटला. त्यांच्यापुरता अर्थ सोपा होता. आपण बसायचं, दुसऱ्यानं सरकायचं. एसटीत खिडकी हवी असली की शेजारच्याला म्हणायचे, अ‍ॅडजस्ट करा. घरी पाहुणे आले की त्यांच्या बायकोनं, गिरिजाबाईंनी, चुलीपाशी अंग मुडपून निजायचं. स्वतः त्यांनी कधी अ‍ॅडजस्ट केल्याचं मला आठवत नाही, आणि मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी.

चौऱ्याहत्तर साली त्यांच्या ताराचं लग्न झालं. जालन्याहून फोटोवाला आला, शाळेतून खुर्च्या आल्या. मधोमध नवरा-नवरी. ताराशेजारची खुर्ची गिरिजाबाईंनी सकाळपासून मनात धरून ठेवली होती. नवऱ्याकडे त्यांनी जन्मात मागितलेलं बहुधा तेवढंच.

"पोरगी चालली. फोटोत तरी तिच्यापाशी बसू द्या."

"मागं उभी ऱ्हाय. जरा अ‍ॅडजस्ट कर," म्हणत अण्णासाहेब स्वतःच त्या खुर्चीत बसले आणि कोटाची बटणं लावायला लागले. मला त्यांचा भयंकर राग आला. गिरिजाबाई मात्र ताराच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

तेवढ्यात वरपक्षाचे जावई, म्हणजे नवऱ्या मुलाच्या बहिणीचे यजमान, रुसले. त्यांना खुर्ची नव्हती. जावई रुसला की अख्ख्या मांडवाचा घास अडकतो, मग कारण काही का असेना. नवऱ्या मुलाचे वडील रखमाजी बदनापूरचे, बोलायला फार गोड. ते अण्णासाहेबांच्या कानाशी वाकले.

"व्याही, जरा अ‍ॅडजस्ट करा."

मुलीचा बाप, उठावंच लागलं. मागे धड जागा एकच होती, बायकोची. त्यांनी तिला हातानं सरकायची खूण केली. पण ताराने आईचा हात आपल्या खांद्यावर घट्ट धरून ठेवला होता.

"आता न्हाई सरकत मी," गिरिजाबाई म्हणाल्या.

फोटोवाला घाई करत होता. अण्णासाहेब जागा शोधत कडेकडेला गेले, आणि तेवढ्यात फोटो निघाला.

तो फोटो अजून त्यांच्या ओसरीवर आहे. मधोमध तारा, तिच्यामागे ताठ उभ्या गिरिजाबाई, आणि पार कडेला कोटाची एक बाही. नवा पाहुणा विचारतोच, अण्णासाहेब कुठे आहेत? अण्णासाहेब खाली मान घालून पानाला चुना लावत बसतात. गिरिजाबाई उठून त्या बाहीवर बोट ठेवतात.

"हे काय. अ‍ॅडजस्ट करून राह्यले."