अवतार या शब्दावर भरलेली बैठक

माइक हातात आला की माझ्या अंगात येतं. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, पण गावच्या नरसिंह जयंतीचं सूत्रसंचालन काही सोडलं नाही. आमचं गाव पोखर्णीच्या अलीकडे. पोखर्णीच्या नरसिंहाच्या देवळासारखी गर्दी आमच्या देवळात होत नाही, त्यामुळे ती कसर आम्ही आवाजाने भरून काढतो. कुणाची चप्पल हरवली, कुणी मोटारसायकल वाटेत आडवी लावली, पंगतीला अजून कोण रुसून बसलंय, हे सगळं मी सांगते आणि लोक हसतात. लोक हसले की मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

जयंतीच्या संध्याकाळी आमच्याकडे नरसिंहाचं सोंग निघतं. सोंग घेतो माझा धाकटा दीर. यंदा त्याने सुतळीची नवी आयाळ स्वतः बनवली होती आणि डिंकाने चिकटवली होती. वैशाखातला उकाडा. देव देवळाच्या पायरीवर पोचले तेव्हा आयाळ एका कानावरून लोंबत होती, चेहऱ्याचा सोनेरी रंग घामाबरोबर बंडीत उतरला होता, आणि पायऱ्या दिसाव्यात म्हणून देवाने चष्मा लावला होता. मी माइकवर बोलून गेले, "अगं बाई, काय हा अवतार!"

देवळात हशा पिकला. दीरही हसला, त्यात राहिलेली आयाळ गळून पडली.

सकाळी गावाच्या ग्रुपवर त्याची चित्रफीत आली. टाकणारा मंदिर समितीचा सचिव, म्हणजे माझाच जुना विद्यार्थी, हल्ली फाट्यावर मोबाइलचं दुकान चालवतो. खाली लिहिलं होतं, देवाच्या अवताराची विटंबना झाली, गावाच्या भावना दुखावल्या. हसताना ज्यांच्या अक्कलदाढा मला पायरीवरून दिसल्या होत्या, त्यांनीही रागाचे लाल चेहरे टाकले. दिराने लिहिलं की सोंग माझं होतं आणि माझी काही तक्रार नाही, पण त्याला कोण विचारतो? समितीने निरोप धाडला: बैठकीत माफी मागा, नाहीतर दुपारच्या पंगतीला माइक दुसऱ्याकडे जाईल.

नवरा म्हणाला, मागून टाक, तुझं काय जातंय. मला संताप आला. शब्द चुकला असता तर मागितली असती, पण अवताराला अवतार म्हटल्याची माफी कशी मागायची? तोंडाने हे बोलत होते खरी, पण माइक जाणार हा विचार काही डोक्यातून जाईना.

बैठक देवळातच भरली. अध्यक्ष नात्याने माझे चुलत सासरे, मी त्यांना मामा म्हणते. सचिवाने आधी ठराव वाचला की, यापुढे देवाधर्माचा कुठलाही शब्द गावात कुणी गमतीत किंवा उगाच वापरायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मामा म्हणाले, "चला, आता चर्चेचा श्रीगणेशा करा."

मी बोट वर केलं. विचारलं, गणपती उगाच घेतला का मामा? मामांनी विचार केला आणि नुसतं "सुरुवात करा" म्हणाले. सचिवाने सुरुवात केली. तो लांबायला लागला तसं मागून कुणीतरी पुराण लावू नको म्हणालं. मी बोट वर केलं. त्यावर सचिव उखडला आणि त्याला कळीचा नारद म्हणाला. माझं बोट वरच होतं. एकजण ह्यात काही राम न्हाई म्हणत उठला, आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो पुन्हा खाली बसला. मग कुणाला वाक्यच पुरं करता येईना. एकाने "साडेसा" एवढं म्हणून तोंडावर हात ठेवला. चहा आला, तो सगळ्यांनी मुकाट्याने प्यायला.

शेवटी मामांनी सचिवालाच विचारलं की नरसिंह कितवा अवतार? त्याने बोटं मोजली, वामन आधी धरला आणि पाचवा म्हणाला. मासा, कासव, वराह असं करत सगळी बैठक बोटांवर आली. बऱ्याच वादानंतर चौथा ठरला.

मग मी बोलले. म्हटलं, "देव खांब फोडून बाहेर आला. अर्धा माणूस, अर्धा सिंह, केस पिंजारलेले, डोळे लाल. त्याला कुणी भांग पाडून दिला नव्हता. आपल्या आयाबायांनी तो देव नीट ध्यानात ठेवला, म्हणून तर विस्कटलेल्या पोराला त्या अवतार म्हणतात. ही टिंगल नव्हे मामा, ही ओळख आहे."

मामांनी चहाचा रिकामा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "बेअदबी काही झाली न्हाई. माइकवर बाईलाच बोलू द्या." ठराव बारगळला. घरी नवरा म्हणाला, जिंकलीस की. मलाही तसंच वाटलं.

दुपारी पंगत बसली आणि माइक माझ्या हातात आला. एक वाढपी खिरीची बादली घेऊन दोन पंगती ओलांडत उड्या मारत आला. मारुतीराय लंकेला निघाले, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात समोर दोन-तीन मोबाइल वर धरलेले दिसले आणि मी ते गिळलं. एकाने तिसऱ्यांदा भात मागितला. बकासुर म्हटलं असतं तर तो स्वतःच सगळ्यांत मोठ्यांदा हसला असता. तेही गिळलं. भात वाढा, वरण वाढा, पाणी वाढा, एवढंच बोलत राहिले. लोक अधूनमधून माझ्याकडे बघत होते आणि पुन्हा पानात बघत होते. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याचा भयंकर राग येत होता.

पंगत उठायच्या बेताला सचिव जवळ आला. मनात काही ठेवणारं पोर नव्हे ते, शाळेतही नव्हतं.

"बाई, घसा बसला का तुमचा? आज तुमी काही बोललाच न्हाईत."

"हो रे," मी म्हटलं, "बसलाय."

घसा ठणठणीत होता. त्याने पळत जाऊन गरम पाणी आणलं, आणि माझं पिऊन होईपर्यंत काळजीने बघत उभा राहिला.