रक्तात चौथा थर पडत नाही

प्लेटलेट्स पाच दिवसांत वापरल्या नाहीत तर टाकून द्याव्या लागतात. किश्श्यांना एक्स्पायरी डेट नसते, म्हणून आमच्या ब्लड बँकेत ते नुसते साठत जातात. त्यातले बहुतेक वर्षा मॅडमचे. मॅडम आमच्या सीनियर टेक्निशियन. आवाज मऊ, पण कुणाच्या बापाला भिणार नाहीत.

एका मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. "दहा मिनिटांत प्लेटलेट्स वेगळ्या करून पाठवा. मी कोण बोलतोय, माहितीये ना?"

मॅडम म्हणाल्या, "हो सर, मशीनलाही सांगितलं. तरी ते तेवढाच वेळ घेतंय."

डेंगीच्या दिवसांत एका पुढाऱ्याचा पीए आला. साहेबांना काही झालेलं नव्हतं, पण घरच्या फ्रिजमध्ये दोन पिशव्या असाव्यात म्हणे.

"प्लेटलेट्स फ्रिजमध्ये चालत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "बाहेर ठेवून सारख्या हलवाव्या लागतात. साहेब पाच दिवस हलवत बसतील का?"

सदाशिव पेठेतले एक गृहस्थ बायकोसाठी रक्त न्यायला आले. हळूच म्हणाले, "हे साधारण कुठल्या समाजातल्या माणसाचं असेल?"

मॅडमनी नुकतीच मशीनमध्ये फिरवलेली एक पिशवी त्यांच्यासमोर धरली. "खाली तांबड्या पेशी. वर पिवळा प्लाझ्मा. मधला हा पांढरट पदर म्हणजे पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स. एवढं गरगर फिरवूनही तीनच थर पडतात. आपल्याला चौथा हवा असेल तर दुसरीकडे चौकशी करा."

गृहस्थांनी फॉर्मवर सही केली आणि पिशवी घेतली.

आणि अश्विनी. ती हडपसरला आयटीत. तिचं लग्न जातीबाहेरचं, म्हणून धायरीचे सासरे चार वर्षं तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांना डेंगी झाला, प्लेटलेट्स भराभर उतरल्या. नात्यातल्या दोघांनी "अशक्तपणा येतो" म्हणून पाय मागे घेतला. अश्विनी न बोलावता आली आणि दीड तास हाताला मशीनची सुई लावून प्लेटलेट्स देत बसली.

बरे झाल्यावर सासरे मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मागोमाग अश्विनीही आली. "ज्यानं दिल्या त्याचं नाव सांगा. पाया पडायचंय."

"नाव सांगायचा नियम नाही," मॅडम म्हणाल्या.

नवऱ्याच्या मागे उभी असलेली अश्विनी पुढे झाली. "मी दिल्या, बाबा. आता त्या वेगळ्या काढता यायच्या नाहीत."

सासरे काचेपलीकडच्या मशीनकडे बघत राहिले. मग तिच्याकडे वळले.

"सुई लय दुखली का गं?"

"दुखली," अश्विनी म्हणाली. "तरी दिल्या."