क्लचवाली गाडी

आमच्या बाबांना बसता येत नाही. मांडी घालून वगैरे नव्हे, एका जागी स्थिर असं बसताच येत नाही. जेवताना ते दोनदा उठतात, पेपर उभ्याने वाचतात आणि बँकेत नंबर लागेपर्यंत बाहेर चार फेऱ्या मारून येतात. "यांच्या पायाला भिंगरी आहे, हे लग्नाआधी कुणी सांगितलं नाही. पत्रिकेत तेवढंच लपवलं," असं आई म्हणते आणि तेही ती पस्तीस वर्षं म्हणते आहे.

ही भिंगरी सत्तावीस वर्षं एका कारखान्याच्या उपयोगी पडली. बाबा, म्हणजे श्यामसुंदर खांबेटे, पिंपरीपलीकडच्या एका मोटार कारखान्यात चाचणी चालक होते. गाडी बाजारात यायच्या आधी तिच्यात वाळूची पोती भरायची आणि खंबाटकीचा घाट चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. दिवसाला चारशे किलोमीटर, आणि पोचायचं कुठेच नाही. संध्याकाळी रिपोर्ट लिहायचा. त्यात तीन रकाने: काय झालं, किती वेगाला झालं, कितव्यांदा झालं. का झालं हे लिहायचं नाही, ते इंजिनिअरांचं काम. बाबा घरीही याच भाषेत बोलायचे. "आमटीत मीठ जास्त. सलग दुसऱ्यांदा." पुढचा रकाना आई भरायची.

एवढ्या गाड्या चालवल्या, पण आमच्या घरी गाडी कधी नव्हती. नवी पेठेतल्या आमच्या इमारतीखाली बाबांची स्कूटर असायची. नव्वदनंतर देशात परदेशी गाड्या आल्या आणि कारखाना त्या तुलनेसाठी आणायला लागला. दोन हजार साली त्यांनी होंडा सिटीची जोरकस इंजिनाची व्हीटेक आणली. बाबांनी ती तीन आठवडे चालवली. पहिल्या दिवशी घरी आले आणि जेवण होईपर्यंत एकदाही उठले नाहीत. आईने कपाळाला हात लावून ताप बघितला. "साडेचार हजार आरपीएमच्या पुढे इंजिनाचा आवाज बदलतो. जणू तोवर झोपेतच होतं," एवढंच ते म्हणाले. पुढच्याच वर्षी कारखान्याने माणसं कमी करायला घेतली, बाबांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि चौपन्नाव्या वर्षी ते घरातल्या दोन खोल्यांत खंबाटकी चढायला-उतरायला लागले.

मी त्यांची एकुलती एक, स्पृहा. हडपसरच्या आयटी पार्कमध्ये सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. म्हणजे चाचणीच, पण बसून. त्यामुळे बाबा तिला काम मानत नाहीत. दोन हजार पाचच्या जानेवारीत मी जाहीर केलं की पाडव्याला आपल्याकडे गाडी येणार. आई म्हणाली, "आण. निदान हे घराबाहेर तरी फिरतील." बाबा उठले. गॅलरीत गेले, आत आले, पुन्हा गॅलरीत गेले आणि तिथून म्हणाले, "सिटी. पण जुनी."

इथून आमच्याकडे महाभारत सुरू झालं. जुनी सिटी बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. नवी उंच होती, ऐसपैस होती, पेट्रोल कमी पीत होती, आणि मुख्य म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये मिळत होती. तिच्या इंजिनात जुन्या व्हीटेकइतका जोर नव्हता, हे बाबांनी मला इतक्या वेळा सांगितलं की ते आकडे मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये आठवायचे. "नवीला बाजारातून गहू आणायला पाठव. त्यासाठी चांगली आहे."

मला इंजिनाशी देणंघेणं नव्हतं. माझा जीव ऑटोमॅटिकवर होता आणि त्याचं कारण आम्ही दोघेही उच्चारत नव्हतो. त्याच महिन्यात मी बाबांना मधुमेहाच्या तपासणीला नेलं होतं. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि तळव्याला टाचणी लावत विचारलं, "आता टोचतंय?" बाबा ठामपणे "हो" म्हणत होते. त्यातल्या निम्म्या वेळा टाचणी डॉक्टरांच्या हातातच होती, पायाला लागलेलीच नव्हती. शेवटी डॉक्टर म्हणाले, "डाव्या पायाची संवेदना बरीच गेली आहे. उजवाही त्याच वाटेवर आहे. गाडी चालवता का?" बाबा म्हणाले, "क्वचित." मी त्या निदानाचा पहिला भाग तेवढा ऐकला. डावा पाय म्हणजे क्लच. क्लच नसलेली गाडी आणली की प्रश्न मिटला. पोटासाठी चुका शोधणारी मी, आणि दुसरं वाक्य कानाआड केलं, कारण मला ते ऐकायचं नव्हतं.

स्कूटर दिवाळीपासून खाली धूळ खात उभी होती. बाबा म्हणायचे, पेट्रोल महाग झालंय. तेही मी मानलं होतं.

फेब्रुवारीत बाबांनी स्वतःच जुनी व्हीटेक हुडकली. हडपसरला उत्तरेश्वर नावाच्या एका मुलाकडे. लातूरकडचा, आयटीतलाच, कंपनी त्याला दोन वर्षांसाठी ऑनसाइट, परदेशी पाठवत होती म्हणून गाडी विकायची होती. तो त्या गाडीला इतकं जपायचा की पायाखालच्या मॅटवर वर्तमानपत्र अंथरून बसायचा. बाबांचा जुना पेशा कळल्यावर त्याने दोन्ही हातांनी किल्ली पुढे केली. "काका, तुमच्यासारख्या माणसाकडं गेली तर मला तिकडं झोप लागंल बघा."

बाबा बसले. गाडी सुरू केली आणि पहिल्याच झटक्याला ती बंद पडली. मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या हातून गाडी बंद पडताना पाहिली. दुसऱ्यांदा ती आचके देत सोसायटीच्या फाटकापर्यंत गेली आणि तिथे पुन्हा बंद पडली. वॉचमन बघत होता. बाबांच्या मानेवर घाम होता, फेब्रुवारीत. ते उतरले आणि म्हणाले, "क्लचप्लेट गेली आहे तुझी."

"नाही हो काका, परवाच कोथरूडला जाऊन आलो."

"परवाचं सोड. सत्तावीस वर्षं हेच केलंय मी. प्लेट बदलून घे, मग बोलू."

उत्तरेश्वर बिचारा खाली मान घालून "बरं" म्हणाला. परतीच्या बसमध्ये बाबा दांड्याला धरून उभे राहिले, जागा रिकामी असूनही. मला त्यांचा राग आला होता. स्वतःचा पाय गेलाय हे माहीत असून त्या मुलाच्या गाडीला बोल लावला, याचा. आणि मी तिथेच तोंड उघडलं नाही, याचा त्याहून जास्त.

पुढचे पंधरा दिवस घरात कुणालाच स्वस्थता नव्हती. बाबा पहाटे उठून जिन्याच्या पायऱ्या चढायचे-उतरायचे, डावा पाय मुद्दाम जोरात आपटत. आईने विचारलं तर म्हणाले, "व्यायाम." शेजारचे विचारायला आले की तिसऱ्या मजल्यावर फरशी बसवताय का. बाबा दिवसातून तीनदा गाड्यांची मासिकं उघडायचे, जुनीच्या पानाला खूण घालायचे आणि मासिक मिटायचे. मी संध्याकाळी आले की नवीच्या बाजूने बोलायची, ते जुनीच्या बाजूने. आम्ही अश्वशक्तीवरून भांडत होतो, डिकीच्या मापावरून भांडत होतो. आई एकदा वैतागून म्हणाली, "दोघंही खोटं बोलताय, आणि तेही इतक्या जोरात."

शेवटी मी शोरूमला फोन केला आणि नव्या ऑटोमॅटिकची चाचणी ठरवली. बाबा येतो म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मला संशय यायला हवा होता.

बाबा स्टिअरिंगवर, शोरूमचा शुभंकर नावाचा तरुण त्यांच्या शेजारी, मी मागे. कर्वे रस्त्यावरून आम्ही वारज्याकडे निघालो. गाडी सुरेख चालली होती. ना आचका, ना धक्का. बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला. बायपासला लागल्यावर ते चक्क गुणगुणायला लागले. मी मागे बसून मनातल्या मनात पाडव्याचे पेढे वाटून टाकले.

वारज्याच्या पुलावरून उतरताना पुढे पीएमटीची बस थांबली. बाबांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी इंजिन गर्जायला लागलं. ब्रेकबरोबर बुटाची कड ॲक्सिलरेटरवरही होती. बाबा जोर वाढवत गेले तशी दोन्ही पेडल एकदम दबत गेली. बस मोठी मोठी होत गेली. बसच्या मागच्या काचेतून बाहेर बघणारी एक बाई अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. तिने हातातली पिशवी पोटाशी घट्ट धरली. शेवटी ब्रेक वरचढ ठरला आणि वीतभर अंतरावर गाडी थांबली.

"होतं सर असं, फर्स्ट टाइम ऑटोमॅटिकला सगळ्यांचं होतं," शुभंकर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

बाबांनी मान खाली घालून पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गाडी कडेला घेऊन शुभंकरशी जागा बदलली आणि म्हणाले, "इथून तुम्ही न्या." शोरूमला पोचल्यावर त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं, "गाडीत काही दोष नाही. उत्तम आहे."

बाहेर फुटपाथवर ते रसवंतीच्या बाकड्याशी थांबले. मी रस सांगितला नाही. दोघांनाही नको होता.

"मला वाटत होतं पाय नीट ब्रेकवर आहे," बाबा म्हणाले. "बघितल्याशिवाय मला आता कळत नाही तो कुठे आहे ते. उजवा."

"कधीपासून?"

"गणपतीपासून. दिवाळीत स्कूटरवर एकदा असंच झालं. म्हणून ठेवून दिली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. म्हटलं, "मग गाडी नकोच. राहू दे."

"गाडी घ्यायची. हडपसरची. तू चालवायची."

माझ्याकडे लायसन्स होतं, गाडी येत नव्हती. पुण्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी म्हटलं, "मीच चालवायची तर ऑटोमॅटिक घेऊ ना. मला सोपी."

"तुला सोपी आणि मलाही सोपी, हाच तर घोळ आहे." बाबा बाकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. "दारात ती असली की किल्ली खिळ्याला असणार. तू ऑफिसात, आई भाजीला. एक दिवस मी ती नेईन. नेईनच, मी मला ओळखतो. आणि ती मला नेऊ देईल, स्पृहा. कुरकुर करणार नाही. छान नेईल आणि कुणाच्या तरी अंगावर घालेल. जुनी तसं करत नाही. ती मला फाटकातच बंद पडून दाखवते."

मला म्हणावंसं वाटलं की किल्ली मी लपवून ठेवेन. पण सत्तावन्न वर्षांच्या बापापासून किल्ली लपवणारी मुलगी मला व्हायचं नव्हतं, आणि ते त्यांनाही नको होतं. म्हणून त्यांनी गाडीच अशी निवडली होती.

पाडव्याच्या आदल्या शनिवारी आम्ही हडपसरला गेलो. उत्तरेश्वरच्या खोलीत बॅगा भरून ठेवल्या होत्या. "काका, तुम्ही म्हणलात तशी प्लेट बदलली," तो म्हणाला. "मेकॅनिक म्हणला जुनीला काय झालं नव्हतं, तरी बदलून घेतली."

बाबा म्हणाले, "जुनीला काही झालं नव्हतंच. पाय माझा गेलाय. मी तुझ्या गाडीवर ढकललं. चुकलो."

बाबांच्या तोंडून 'चुकलो' मी त्याआधी ऐकलं नव्हतं. उत्तरेश्वर गडबडला. काहीतरी बरं बोलायचं म्हणून त्याने किल्ली बाबांपुढे धरली. "असं काय काका. एक चक्कर तर मारा. आतल्या आत, सोसायटीतच. कुणी नाही आता."

खरंच कुणी नव्हतं. रस्ता मोकळा, दुपारची वेळ. बाबांनी किल्ली घेतली. दार उघडून ते स्टिअरिंगपाशी बसले आणि मी पुढे झाले. त्यांनी डावा पाय उचलून क्लचवर ठेवला, बघून ठेवला. दोन्ही हात स्टिअरिंगवर. एक मिनिट गेलं असेल. उत्तरेश्वर माझ्याकडे बघत होता आणि मी बाबांच्या हाताकडे.

किल्ली त्यांनी लावलीच नाही. खाली वाकून सीटखालचा दांडा ओढला आणि सीट पुढे सरकवली. एक खाच, दुसरी, तिसरी. त्यांचे गुडघे स्टिअरिंगला लागले तरी आणखी एक. मग आरसा माझ्या उंचीला वाकवला आणि अंग चोरत कसेबसे बाहेर आले.

"मी मावत नाही आता इथे," म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मी बसले. माझे पाय तिन्ही पेडलांना बरोब्बर पोचत होते.