बावखलावरचा फेस

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमच्या सांडोर गावात एकेक बावखल बुजत होतं. विहिरींवर मोटारी बसल्या होत्या, त्यामुळे केळीला पाणी द्यायला गोड्या पाण्याच्या या जुन्या तळ्यांची गरज कुणाला वाटत नव्हती. आमचंही येत्या उन्हाळ्यात बुजवायचं, असं सासऱ्यांनी ठरवलं होतं.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. त्या जुलैत सासऱ्यांनी बावखलावर झुकलेली जांभळाची फांदी तोडली, केळीवर सावली पडते म्हणून. फांदी काठावर पडली आणि पानांना चिकटलेला मूठभर पांढरा फेस मला दिसला. झाडावरच्या बेडकाचं घरटं! मी ते फळ्यावर कितीदा काढलं होतं, पाहत मात्र पहिल्यांदाच होते.

"बाबा, ही फांदी मी घरी नेते. यात अंडी आहेत."

"बेडकांची? पावसात बेडकांना काय तोटा, बाय?"

"हे झाडावर राहणारे. पिल्लं फेसातून खाली पाण्यात पडतात. पाणी नसेल तर मरतात. बावखलं बुजली तसे हे दिसेनासे झाले."

ते कोयता घेऊन केळीकडे वळले. सासूबाईंनी मात्र कपड्यांचा टब घासून दिला. त्यात बावखलाचं पाणी भरलं आणि फांदी ओट्याच्या वाशाला, टबाच्या बरोबर वर टांगली.

काही दिवसांनी सकाळी सासऱ्यांची हाक आली. "बाय, लवकर ये. पडायला लागली."

फेस वितळत होता आणि त्यातून काळी, वळवळणारी पिल्लं टपाटप पाण्यात पडत होती. सासऱ्यांच्या हातातला चहा गार झाला, तरी ते हलले नाहीत. त्या दिवसापासून पाणी बदलायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. पिल्लांना उकडलेला पालक मी घालायचे.

सप्टेंबरात, मतमाउलीच्या सणाच्या सुमारास, पाय फुटून शेपट्या आखडत नाहीशा झाल्या. नखाएवढे बेडूक बोटांच्या गोल टोकांनी टबाच्या भिंतीवर चढू लागले. आम्ही तिघांनी त्यांना बावखलाकाठच्या केळीवर सोडलं.

उन्हाळ्यात भराववाला विचारायला आला, "माती कधी टाकू?"

"टाकायची नाही," सासरे म्हणाले. "तिथं वस्ती आहे."

पुढे दोन पावसाळ्यांनी जांभळाच्या नव्या फुटव्यांवर फेसाचे गोळेच गोळे लटकले. सासरे छत्री घेऊन शेजाऱ्यांना एकेक करून दाखवत फिरले. पलीकडच्या वाडीवाल्यांनी ते पाहिलं, आणि त्यांचंही बावखल राहिलं.