होल्यांची परात

"परात आधी आत आणा, बाबा."

"पाण्यानं कुणी मरत नाही, श्यामला."

"या पाण्यानं मरतायत! दोन गेली. आता ही तिसरी."

गुरुनाथांच्या ओंजळीत करडी कबुतरी मान आखडून बसली होती. चोच उघडली की घशात पनीरच्या चुऱ्यासारखा पिवळा थर दिसायचा. दाणा उचलायची, गिळता येईना म्हणून टाकून द्यायची.

मिरजेच्या एसटी डेपोत तीस वर्षं इंजिनं उघडलेला हा माणूस. बायको गेली आणि २०१५ साली ते लेकीकडे परदेशात, ओटाहुहुला आले. सामानात बायकोची पितळी परात. वर्षभर घरात जेवणापुरतं बोलायचे. शेजारचा म्हातारा पोरिरुआला राहायला जाताना पाच कबुतरं हवाली करून गेला, तेव्हा कुठे त्यांना कंठ फुटला, तोही पक्ष्यांपुढे. मग एकदा कुंपणावर होले उतरले. मिरजेतल्यासारखेच, मानेवर ठिपके. बायको रोज सकाळी होल्यांना परातीत पाणी ठेवायची. दुसऱ्याच दिवशी परात अंगणात आली.

"व्हेट काय म्हणाली? जंतू घशात असतो. एका भांड्यात प्यायले की पसरतो. होले त्यात चोच बुडवतात, मग तुमची कबुतरं."

"औषध देतोय की! रोज त्यांच्या भांड्यात घालतो."

"आणि बाहेर सोडलीत की समोर साधं पाणी! कडू कोण पिईल? सात दिवस फक्त औषधाचं पाणी, भांडं रोज घासून. फ्रिजवर लावलाय कागद."

"ऐन जानेवारीत, इथल्या उन्हाळ्यात, मुक्या जिवांना कोंडून कडू पाजू? तुझी आई असती तर..."

"आईनं पहिल्याच दिवशी उचलली असती परात!"

टेबलाशी बसलेली जुई, त्यांची नात, हळूच म्हणाली, "आजोबा, शी'ज नॉट ब्रीदिंग."

त्यांनी ओंजळ उघडली नाही. बोटानं पिसं सारखी करत राहिले. मग कबुतरीला वर्तमानपत्रावर ठेवलं, पंख मिटवून, नीट.

श्यामलाचा आवाज उतरला. "दोन उरलीत, बाबा. त्यातल्या एकानं आज दाणा टाकलाय. आजपासून सात दिवस. परात आत ठेवाल ना?"

बाहेर कुंपणावर होले घुमत होते. गुरुनाथांनी पायात जँडल्स, इथल्या रबरी चपला, सरकवल्या, वर्तमानपत्राची घडी दोन्ही हातांत धरली आणि मागच्या दारानं निघून गेले.