बानाबाईचे चांदीचे डोळे
बानाबाईच्या उजव्या भुवईच्या टोकाला हरभऱ्याएवढी गाठ होती. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी ती काढली, तपासायला पाठवली आणि साधीच आहे, घाबरू नका, म्हणाल्या. क्वचित परत येते, हेही त्यांनी सांगितलं होतं. पण बरं झालेल्या माणसाचे कान तेवढं ऐकत नाहीत.

ऑपरेशनआधी बानाबाई देवीला चांदीचे डोळे वाहायचा नवस बोलली होती. तिचा नवरा कारभारी चितेगावच्या एका कंपनीत गेटवर असतो, पण देवीच्या बाबतीत हात आखडणारा माणूस नव्हे. त्यानं शहागंजातल्या सराफाकडून चांगले ठसठशीत डोळे आणून दिले.

आणि इथंच बाईनं माती खाल्ली. नातीच्या, अंबिकाच्या वाळ्यांना घुंगरू नव्हते. देवीला काय डोळ्यांचा तोटा आहे, असं मनाशी म्हणून तिनं ते डोळे सोनाराकडं आटवायला दिले. देवीपुढं ठेवले ते देवळाबाहेर मिळणारे पत्र्याचे. कारभारी तेव्हा चपला राखत बाहेर उभा होता.

सात महिन्यांनी गाठ परत आली, त्याच जागी. बानाबाईनं पदर भुवईपर्यंत ओढला तो ओढलाच. अंबिका दुडुदुडु चालली की घुंगरू वाजत आणि आजीला मेल्याहून मेल्यासारखं होई. ती पोरीला झटकन कडेवर घेई. आवाज थांबावा म्हणून घेई, मायेनं नाही, आणि त्याचीही तिला लाज वाटे.

कारभारीला गाठ दिसली तेव्हा त्याचं डोकं फिरलं. दवाखान्यात, बाकावरच्या सगळ्या पेशंटांदेखत तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "देवीचं आमी चोख केलं. तुमीच काम अर्धवट केलं."

बानाबाईनं तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. तिनं उघडलं नाही.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. गाठीची पातळ पिशवी असते, तिचा कण जरी आत राहिला तरी ती पुन्हा भरते, म्हणाल्या. "राहिला असेल माझ्याकडून. परत काढू."

शिकलीसवरली बाई चारचौघांत स्वतःकडे कमीपणा घेते आणि आपण नवऱ्याच्या आड बसलोय, या विचारानं बानाबाईला बसल्या जागी गाडून घ्यावंसं वाटलं.

"तुमच्याकडनं नाय, बाई," ती पदर मागं सारत म्हणाली. "खोटं माझ्याकडनं झालं." मग तिनं घुंगरांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"गाठीला घुंगरांचं काही कळत नसतं, मावशी," बाई म्हणाल्या. कारभारी खाली बघत राहिला.

घरी आल्या आल्या बानाबाईनं वाळ्यांचे घुंगरू काढून देवीसाठी फडक्यात बांधले. अंबिका उभी राहिली. तिनं एक पाय आपटला, मग दुसरा आपटला, आणि आवाज का येत नाही म्हणून आजीकडं बघत राहिली. बानाबाईला त्या डोळ्यांकडं बघवेना.